पेठेची शपथ

बाई बसमधून उतरली की तिची पावलं जिकडं वळतात, तिकडं बाजार असतो. एवढी साधी गोष्ट, खरं ती मला कळली नाही. माझ्या बायकोला कळली होती. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. ती होती तोवर हे कागदावर लिहायची गरजच नव्हती, कारण माझं काय चुकलं ते ती तोंडावर सांगायची. आता सांगणारं कोण नाही, म्हणून माझं मीच लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस. पुस्तकातली भाषा मला येत नाही. आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. येईल तसं लिहिलंय, जमेल तसं वाचा.

आमचं गाव निपाणीहून बेळगावकडं येताना हमरस्त्याच्या कडेला लागतं. नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार त्यांची पोरं अजून तिथं दुकानं चालवतात. गाव काय मोठं नाही, खरं पेठ मोठी होती. हमरस्ता सोडून आत वळलं की आधी बस स्टँड, म्हणजे पत्र्याची एक शेड आणि एक चिंच. स्टँड संपला की तिथंच पेठ सुरू, ती थेट खंडोबाच्या देवळापर्यंत. दोन्ही बाजूंना दुकानं. बाजारादिवशी बायका गाडीतून उतरायच्या त्या सरळ पेठेतच पडायच्या. दुसरीकडं जायला वाटच नव्हती. डोक्यावर कोंबड्यांचं डालगं, कडेवर पोर, आणि पेठेच्या त्या टोकाला पोचेपर्यंत मीठ-मिरची, लुगडं, पोराला टोपी, सगळं होऊन जायचं.

आमचं दुकान बांगड्यांचं. आम्ही जातीनं कासार. माझा बाप बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा आणि आई डोक्यावर बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन त्याच्या मागं. तसं हिंडून हिंडून त्यांनी पेठेत ही जागा घेतली आणि मला गादीवर बसवलं. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांगडी नुसती विकायची नसते, भरायची असते. बाई समोर बसते, हात आपल्या हातात देते. हाताकडं बघून माप कळायला पाहिजे. अंगठा आत दाबून, हाडावरून बांगडी अशी सरकवायची की ती फुटू नये आणि बाईनं तोंड वाकडं करू नये. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. सगळ्या भरून झाल्या की बाई कासाराला वाकून नमस्कार करते. साठीची म्हातारीसुद्धा विशीतल्या कासाराच्या पाया पडते. तो मान त्याचा नाही, बांगडीचा, खरं डोक्यात जातो. माझ्या गेला होता.

बायको उचगावकडची, तीही कासाराचीच. हात माझ्यापेक्षा तिचा चांगला. माझ्याकडून डझनाला एखादी वाढायची, तिच्याकडून कधी नाही. ती बाईला बोलण्यात गुंतवायची. मराठी बाई असली तर माहेर कुठलं, सासू कशी, आणि कन्नड बाई असली तर "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस काय, इथनं सुरू. ती बाई सासूच्या चाड्या सांगत असायची आणि बांगडी कवाच मनगटात गेलेली असायची.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. गाड्या वाढल्या होत्या. पेठेच्या तोंडाला दोन गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा तास हॉर्न. मग बातमी आली की स्टँड बाहेर हमरस्त्यावर जाणार. पक्की इमारत, खाली फरशी, पुढं ओळीनं गाळे, मागेल त्याला भाड्यानं. पेठेपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर.

पेठेत कापडाचं सगळ्यात मोठं दुकान एका म्हाताऱ्याचं होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांनी सगळ्या दुकानदारांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. तोंडात लवंग धरून हळू बोलायची त्यांची पद्धत. म्हणाले, "गाळं रिकामं राहिलं तर बाई तिथं उतरून करणार काय? डांबर खाणार? चालत इकडंच येणार. आणि बायका तक्रार कराय लागल्या की वरसाच्या आत गाड्या परत पेठंत येत्यात का न्हाय बघा. खरं एकानं जरी गाळा घेतला, की मेलो सगळे."

हे सगळ्यांना पटलं. मला तर फारच. कोण तरी मागनं म्हणालं, "आप्पा, आज व्हय व्हय म्हणायचं आणि उद्या कोण फुटला तर?"

"मग उचला की भंडारा," आप्पा म्हणाले.

बेलाचं पान तळहातावर घ्यायचं, त्यावर देवाचा भंडारा, म्हणजे हळद, आणि देवासमोर बोलायचं. आमच्या भागात याच्या पुढं कोर्ट नाही. बेलभंडारा उचलून शब्द मोडणाऱ्याच्या घरात कोण पोरगी देत नाही. एकेकजण पुढं झाला. नव्या स्टँडावर गाळा घेणार नाही, एवढंच बोलायचं होतं. माझी पाळी आली तशी मी त्यावर आणखी ठेवून दिलं. म्हणालो, "जो गाळा घेईल, त्येच्या बायकोच्या हातात माझ्या दुकानची बांगडी भरणार न्हाय." आप्पांनी मान हलवली. मी छाती काढून घरी आलो.

बायको भाकरी करत होती. काय ठरलं ते सांगितलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "देवळात बाया किती व्हत्या?"

"बायकांचं काय काम तिथं?"

"मग बांगड्या कोण भरतंय, तुमचं आप्पा?"

मी म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळत नाही. हे वाक्य मी त्या काळात दिवसातून एकदा तरी म्हणायचो.

स्टँड गेला. पहिले दोन-तीन बाजार बायका खरंच चालत पेठेत आल्या, घाम पुसत. मी बायकोला म्हणालो, "बघ." ती म्हणाली, "सवय हाय त्यास्नी अजून. सवय सुटाय दोन पावसाळं जात्यात." दोन कशाला, एकच पुरला. चिखलातून चालत कोण येणार? टांगेवाले आधी गेले, घोडी घेऊन नव्या स्टँडावर. मग चहाच्या हॉटेलाची भट्टी थंड झाली. मिठाईवाला रोज जिलबी काढायचा, तो बाजारादिवशीच काढू लागला, मग तेही नाही. दुपारी चारला कुत्री पेठेच्या मधोमध झोपायची आणि त्यांना उठवणारं कोण नसायचं. जुन्या स्टँडाच्या चिंचेखाली कोण तरी म्हशी बांधायला लागला.

माझं तर बसणं-उठणं कळेनासं झालं. दुकानात बसलो की उठावंसं वाटायचं आणि उठलो की जायचं कुठं? कपाटाच्या काचा पुसल्या, परत पुसल्या. मापाप्रमाणं लावलेल्या बांगड्या रंगाप्रमाणं लावल्या, दुसऱ्या दिवशी परत मापाप्रमाणं. पेठेच्या तोंडापर्यंत जायचं, म्हशी बघायच्या, परत यायचं. शेजारच्या शिंप्याचं मशीन बंद असलं की मला बरं वाटायचं आणि चालू असलं की मी उठून जाऊन बघायचो, कुणाचं शिवतोय. एकदा बघितलं तर तो स्वतःच्याच पोराची चड्डी शिवत होता.

मग एक दिवस नव्या स्टँडावर कापडाचं दुकान उघडलं. मालक कोण, तर आप्पांचा मेव्हणा, चिकोडीचा. त्या मेव्हण्यानं उभ्या जन्मात गूळ सोडून दुसरं काय विकलं नव्हतं. त्यानं भंडारा उचलला नव्हता, म्हणजे शपथ मोडली नाही. पुढच्या महिन्यात मिठाईवाल्याच्या जावयाचं दुकान. मग भांड्यांचं, ते कुणाच्या तरी मावसभावाचं. नव्या स्टँडावर सगळे पाहुणेच पाहुणे. एका सकाळी शेजारचा शिंपी मशीन सायकलीला बांधताना दिसला.

"काय रं, तुजाबी मेव्हणा आला काय?" मी विचारलं.

"न्हाय अण्णा. शपथ गाळ्याची व्हती. मी व्हरांड्यात बसणार हाय."

"देवाला वकील दिलास व्हय रं?"

"देव कोर्टात येत न्हाय अण्णा, त्येच बरं हाय," म्हणाला, आणि सायकल ढकलत गेला.

श्रावणात आप्पांची बायको हिरव्या बांगड्या भरायला आली. मी देवळात बोललो होतो ते धरून बसलो. म्हणालो, काकी, तुमच्या घरात गाळा आलाय, मी भरणार नाही. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी हात पुढं केला नाही. माझ्या बायकोनं तिला घरी चुलीपाशी नेऊन पाट दिला आणि दोन्ही हात भरून पाठवलं. नंतर मला म्हणाली, "त्या म्हातारीनं गाळा घेतलाय व्हय? तिला इचारलं तरी असंल काय?"

त्याच आठवड्यात तिनं विषय काढला. म्हणाली, शेवटचा एक गाळा उरलाय, माझ्या भावाच्या नावानं घेऊ. मी म्हणालो, दुसऱ्याच्या नावानं देव फसत नाही. ती म्हणाली, "न्हाय फसत तर आप्पाचं दुकान कसं धडाक्यात चाललंय?" मी ओरडलो. आता खरं लिहायला हरकत नाही. मला देवाची भीती वाटत नव्हती. मी देवळात सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोललो होतो आणि आप्पांपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना टोचून झालं होतं. आता कुठल्या तोंडानं गाळ्यात बसणार? देव फक्त पुढं उभा करायला होता.

गाळा गेला. पंधरा दिवसांनी सकाळी उठलो तर ती अंगणात माझ्या आईची जुनी बुट्टी फडक्यानं पुसत बसलेली.

"ही कशाला काढलीस?"

"स्टँडावर बसणार हाय."

"भंडारा उचललाय मी."

"तुमी उचललायसा. मी न्हाय. देवळात बाया न्हवत्या म्हणालासा न्हवं?"

"कासाराची बायको रस्त्यावर बसणार? पेठंत दुकान असताना?"

"तुमची आई कुठं बसत व्हती?" तिनं बांगड्या मापानं बुट्टीत लावल्या, वर फडकं टाकलं, चुंबळ केली. "उचलू लागा जरा. जड हाय."

मी उचलू लागलो नाही. तिनं गुडघा टेकून एकटीनंच उचलली. जाताना म्हणाली, "आलासा तर या. दोघं बसलो तर दोन बाया एकदम बसत्यात."

तिला दुसरं काय नको होतं. गाळा नको होता, पैसा नको होता. मी तिच्याशेजारी येऊन बसावं एवढंच. आधी दर बाजारादिवशी विचारायची, "येतासा?" मी म्हणायचो, दुकान कोण बघणार? दुकानात बघायला काय होतं ते तिलाही माहीत होतं. पुढं तिनं विचारायचं सोडलं.

असं चार-पाच वर्षं चाललं. मी पेठेत दुकान राखायचो आणि घर तिच्या बुट्टीवर चालायचं. पोराची फी, पोरीचं पातळ, माझी तंबाखूसुद्धा. संध्याकाळी ती यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे. एकदा मी तेलाची वाटी घेऊन तिच्या पायापाशी बसलो. ती म्हणाली, "पाय चोळू नका. सकाळी बुट्टी उचलायला या." मी हसून वाटी ठेवून दिली. आज बेळगावात पोराच्या घरी ती वाटी माझ्या कपाटात आहे. सून म्हणते, मामंजी, कसली ती पितळेची वाटी, टाकून देऊ काय? मी उठून चालायला जातो. दिवसातून चार-चार वेळा जातो.

खरं मी स्टँडावर जात नव्हतो असं नाही. चोरून जायचो. स्टँडाच्या पलीकडं उसाच्या रसाचा गाडा होता, त्याच्या मागं उभा राहायचो, हातात ग्लास धरून. तिथून ती दिसायची. शिंप्याच्या व्हरांड्याच्या पायरीशी, अर्धी उन्हात. बायका बसत नव्हत्या, उभ्या उभ्या हात द्यायच्या, एक डोळा गाडीकडं. "आक्का लौकर, सुटतीया बघ." पाया पडायला कुणाला वेळ होता? गाडी सुटली की बाई अर्ध्या हातानं पळायची, आणि बायको मागनं पळत जाऊन खिडकीतून उरलेल्या दोन द्यायची. मी रसाचा ग्लास तोंडाला लावून उभा. रसवाल्याला ठाऊक होतं मी कोण. तो नुसता ग्लास परत भरायचा. मला त्याचाच जास्त राग यायचा.

एकदा मी रसाच्या गाड्यामागनं निघणार, इतक्यात तिनं मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं, असं वाटलं. मग बघितलंच नाही असं करून ती पुढच्या बाईचा हात धरून बसली. घरी आल्यावर तिनं रोजच्यासारखं ताट वाढलं. मी जेवलो आणि झोपलो.

उन्हाळ्यातली गोष्ट, लग्नाचे दिवस. मी दुकानात माश्या मारत होतो. शिंपी सायकलीवरून धापा टाकत आला.

"अण्णा, आक्काची बुट्टी वाढली. सगळी. गाडीच्या टपावरनं कुणाची तरी ट्रंक सुटली, ती नेमकी बुट्टीवर."

"तिला लागलं?"

"हाताला काच लागलीया. फडकं बांधलंय मी. खरं ती तुमास्नी बोलवायली न्हाय. हिरवा चुडा मागायलीया. नवरी बसलीया थांबून, डोंगराकडची. त्येंची गाडी गेली तर दुसरी सांजच्याला. उद्या हळद हाय म्हणं."

"माप?"

"दोन-सहा. जरा हात मोठा हाय, दोन-आठबी घ्या म्हणालीया."

मी दोन्ही मापाचे चुडे घेतले, दुकान तसंच उघडं टाकलं आणि त्याच्या सायकलीच्या मागं बसलो. रस्त्यात शिंपी म्हणाला, "अण्णा, सरळ बसा, हालतंय." मी चुडे पोटाशी धरून सरळ बसलो.

पायरीशी सगळी हिरवी-लाल काच. बायको एका हातानं ती गोळा करत होती, दुसऱ्याला फडकं. शेजारी नवरीची आई आणि नवरी, आणि पुढं त्यांची गाडी सुरू होऊन धूर सोडत उभी. बायकोनं मला बघितलं आणि एवढंच म्हणाली, "बसा. मला भरता यायचं न्हाय." नवरीची आई म्हणाली, "कासारआण्णा, पाया पडतो, पर लौकर बसा."

मी खाली फरशीवर बसलो. पोरगीचा हात दगडासारखा आवळलेला. माझे हात घामेजलेले. बायको शेजारून पोरगीला म्हणाली, "नवरा काय करतोय गं?"

"मिलिटरीत हायत."

"मग सुट्टी किती दिसाची?"

"ईस."

"ईस दिसात सासूला वळखशील का नवऱ्याला?"

पोरगी हसली, हात सैल पडला, आणि मी पहिली सरकवली. मग दुसरी. गाडीचा हॉर्न वाजत होता. सगळ्या भरल्या, एकही वाढली नाही. पोरगी उठली, धुराच्या मधोमध वाकून माझ्या पायाला हात लावला. कंडक्टर दारातून म्हणाला, "आशीर्वाद झाला असंल तर चढा आता, का लगीन हितंच लावताय?" सगळे हसले. पोरगीची आई हसत चढली.

मी बायकोकडं बघितलं. ती काच उचलत होती.

रिकामी बुट्टी मी हातात धरून घरी आणली. तशी पहिल्यांदाच. घरी आल्यावर माझं डोकं फिरायला लागलं. मी गाळा घेतला नव्हता, नुसता बसलो होतो. खरं शिंप्यालाही मी याच गोष्टीवरून टोचलं होतं. तो व्हरांडा होता तर माझी पायरी कशी चालेल? त्याला जे लागू ते मला लागू. मी भंडारा मोडला होता. सकाळ होताच उठलो आणि देवळात गेलो.

खंडोबाचा गुरव अंगण झाडत होता.

"गुरव, माझा भंडारा मोडला. काय करायचं सांग."

"कुठला भंडारा?"

"गाळ्याचा. आप्पांनी उचलायला लावलेला."

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. "त्यो तर कवाच सोडवून घेतला की. चार वरसं झाली, जास्तच. आप्पा आलते, मिठाईवालं आलतं, शिंपी आलता. सगळ्यांनी पान आणि भंडारा देवाच्या पायाशी परत ठेवला, नारळ दिला, मोकळं झालं. आता कुणाचं काय बांधलेलं न्हाय."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"तुमास्नी कोण सांगणार? तुमी देवळातच भांडण काढला असतासा." मग त्यानं झाडू परत हातात घेतला. "आणि तुमचं राहिलंय कुठं? तुमच्या घरनं आल्या व्हत्या की. सगळं पुरुष गेल्यावर आल्या, तुमच्या नावाचा नारळ ठेवून गेल्या. मी इचारलं, ह्येनी का आलं न्हाईत? तर म्हणाल्या, त्येंचं पाय दुखायल्यात."

मी देवाच्या पाया न पडता बाहेर आलो. पेठेतून चालत निघालो. दोन्ही बाजूंना फळ्या लावलेली दुकानं, मधी माझं एक उघडं. आदल्या दिवशी उघडं टाकून गेलो ते तसंच होतं, कुणी एक बांगडी उचलली नव्हती. उचलायला कोण होतं? चार वर्षं मी त्या देवाच्या नावानं इथं बसलो होतो आणि देवानं मला कवाच सोडलं होतं. आणि हिला ठाऊक होतं. रोज सकाळी बुट्टी उचलताना ठाऊक होतं, रसाच्या गाड्यामागं मी उभा असताना ठाऊक होतं. चालता चालता मी काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं.

ती पायरीशी बसली होती. सकाळीच घरात ठेवलेला थोडा माल उचलून आणला होता. उजव्या हाताला फडकं, डाव्या हातानं एका बाईला भरत होती, हळू. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"माझ्या नावाचा नारळ दिलास?"

"दिला की."

"मग सांगितलं का न्हाईस? चार वरसं."

तिनं मान वर केली नाही. बाईचा अंगठा आत दाबला, बांगडी हाडावर आणली. "देवानं सोडलं म्हणून आला असतासा," म्हणाली. "मग माझ्यासाठी कोण आलं असतं?" बांगडी मनगटात गेली. "काल आलासा ते बुट्टी वाढली म्हणून. आज कशाला आलासा ते सांगा."

जे मनात होतं ते सांगितलं. "भांडायला."

"मग बसून भांडा. उन्हात उभं राहू नका."

मी बसलो. ती सरकली आणि पायरीची सावलीतली बाजू मला दिली. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही, त्यावरून पहिलं भांडण झालं. मग दुसरं, माप कुठं लावायचं त्यावरून. मग चार वर्षांचं मोठं भांडण सुरू झालं, ते गाड्या येतील तसं थांबायचं आणि गाड्या गेल्या की परत सुरू व्हायचं. शिंपी व्हरांड्यातून मशीन मारत ऐकत होता आणि मधेच "आक्का, बरोबर हाय" म्हणत होता.

दुपारच्या गाडीतून एक म्हातारी उतरली, कन्नड-मराठी मिसळून बोलणारी. तिनं दोन्ही हात पुढं केले, एक हिच्याकडं, एक माझ्याकडं. माझ्याकडं निरखून बघितलं आणि हिला विचारलं, "ह्ये कोण गं बाई?"

"मालक हायत आमचं. पेठंत दुकान व्हतं."

"पेठंत?" म्हातारी म्हणाली. "पेठ अजून हाय व्हय?"

"न्हाय आता," ती म्हणाली, आणि दोन-सहाचा जुडगा माझ्या पुढ्यात सरकवला.